किडा की जडी?

उत्तराखंडातील पिथौरागडच्या उंच कुरणांवरचे बर्फ वितळू लागले, की माणसे जमिनीवर पालथी पडून काही शोधताना दिसतात. काडीएवढा तपकिरी कोंभ आढळताच ती भोवतालची माती हलकेच उकरतात. कोंभाच्या तळाशी निघते एक अळी! तिकडचे लोक या वस्तूला ‘किडाजडी’ म्हणतात.

यातला किडा केव्हाच मेलेला असतो. आणि जडी म्हणाल, तर ती आहे बुरशी. बुरशीला आता वनस्पतींत गणीत नाहीत. तिची सृष्टीच निराळी. जमिनीत मुळे खाऊन जगणाऱ्या एका पतंगाच्या अळीत ती शिरते, आतून तिला पोखरते आणि आपल्या तंतूंनी भरून टाकते. कातडी तेवढी शाबूत राहते. पुढे अळीच्या डोक्यातून कोंभ फुटतो व त्यावरचे बीजाणू वाऱ्यावर उधळतात.

या बुरशीचे गोत्रही पुनःपुन्हा बदलले. १८४३ साली बर्कली या इंग्रज शास्त्रज्ञाने तिला ‘स्फेरिया’त घातले, १८७८ साली इटलीच्या साकार्डोने ‘कॉर्डिसेप्स’मध्ये नेले. २००७ साली जनुकांच्या साक्षीने ती ‘ओफिओकॉर्डिसेप्स’ ठरली. मुंगीला झाडावर चढवून मारणारी बुरशी याच गोत्रातली.

औषधी म्हणून किडाजडीला मोठी किंमत येते. कित्येक डोंगरी घरांचे वर्ष तिच्यावर निघते. परंतु बीजाणू उधळण्यापूर्वीच कोंभ उपटला, तर पुढचे पीक यावे कोठून? २०२० साली तिची नोंद जागतिक लाल यादीत झाली. चार कोंभांतला एक पिकेपर्यंत राखणे, हीच उद्याची पेरणी होय.