कायदा नवा झाला. कच्च्या कैद्याचे काय?



कारागृह हा विषय मध्यमवर्गीय घरांत सहसा निघत नाही. तरीही येथे बसलेल्या कित्येक कुटुंबांना तो अगदीच परका नाही. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात येरवडा आणि नाशिक येथील कारागृहांत महिनोन्महिने काढलेल्या स्थानबद्धांची ही कुटुंबे आहेत. त्या स्थानबद्धांच्या मागे कार्यकर्ते होते, वकील होते, घराची विचारपूस करणारे शेजारी होते. पलीकडच्या बराकीतील सामान्य कच्च्या कैद्याच्या मागे मात्र कोणी नव्हते. आजही सहसा कोणी नसते. आजचे विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

इंग्रजांनी 1894 साली केलेला कारागृह अधिनियम स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके चालू राहिला. बंदिवानाला सांभाळणे, राबवणे आणि वठणीवर आणणे एवढीच त्या कायद्याची दृष्टी होती. फटके मारण्याची शिक्षाही त्यात होती. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्याने तो बदलणे मुख्यतः राज्यांच्या हाती होते. न्यायमूर्ती मुल्ला समितीने 1983 साली सविस्तर शिफारशी केल्या; त्यांतील बहुतेक कपाटात राहिल्या. अखेर 2023 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांपुढे एक आदर्श अधिनियम ठेवला आणि डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने कारागृहे व सुधारसेवा विधेयक संमत केले. खुली कारागृहे, खुल्या वसाहती, बंदिवानांसाठी कल्याण निधी, स्त्रिया आणि तरुण बंदिवानांची स्वतंत्र व्यवस्था असे विषय कायद्याच्या कक्षेत आले. शीर्षकात ‘सुधारसेवा’ हा शब्द येणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

खुली वसाहत ही कल्पना महाराष्ट्राला परदेशातून आणावी लागलेली नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची त्यामागे प्रेरणा होती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, आणि भोवती भिंत नाही! माणसे शेती करीत, पुढे कुटुंबेही सोबत राहू लागली. ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन लाभलेला 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट घरोघरी ठाऊक आहे. त्यामागचे आटपाडीजवळचे गाव फारसे कोणाला ठाऊक नाही. कुंपणावर होणारा खर्च विश्वासावर केला तर काय घडते, याचा पुरावा त्या माळरानावर आहे.

परंतु स्वतंत्रपूर शिक्षा झालेल्यांसाठी आहे. ज्याचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही, त्याला खुली शेती नाही. त्याच्या वाट्याला गर्दीने भरलेली बराक येते. 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 बंदिवान होते आणि त्यांतील 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तीन. दोषी ठरलेल्याला सुधारण्याची भाषा करायची आणि दोषी न ठरलेल्याला कोंडून ठेवायचे, ही विसंगती नव्या कायद्यानेही आपोआप मिटत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने एक दार उघडले आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि आरोपी पूर्वी दोषी ठरलेला नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर त्याला जामिनावर सोडावयाचे आहे. इतरांना निम्मा काळ. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकाचे आहे. जुन्या प्रकरणांनाही ही तरतूद लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले.

मात्र याच कलमात एक अडसर आहे. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. वरकरणी हे योग्यच वाटते. पण पारधी वस्तीवरील तरुणाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, संशय मात्र रद्द झाला नाही. परिसरात चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते. अशा संशयातून नोंदली गेलेली दोन-तीन प्रकरणेच त्याला कलम 479 पासून वंचित करतात. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. पोलीस ठाण्यातील मनातला रकाना कोणता आदेश काढणार?

आणि जामीन मंजूर झाला तरी प्रश्न उरतोच. पाच-दहा हजारांच्या हमीअभावी माणसे आत राहतात. गरीब बंदिवानांसाठी केंद्राने 2023 मध्ये योजना आणली. 2023 च्या मूळ नियमांनुसार जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते. प्रकरण जिल्ह्यातील समितीपुढे जावे लागते. त्यासाठी कोणीतरी कागद जुळवावे लागतात, गावी जाऊन पत्ता पडताळावा लागतो, घरच्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीपर्यंत आणावे लागते. निवृत्त शिक्षक, तरुण वकील, तालुक्याचा कार्यकर्ता हे करू शकतो. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात हमीअभावी अडकलेले किती जण आहेत, हे प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन विचारता येते. सुरुवात तेथून करावी.