जुन्या संगणकास उसनी स्मृति

शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत आज एक दृश्य हमखास दिसतें. कोपऱ्यांतील टेबलावर दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेला डेस्कटॉप संगणक असतो. तो बिघडलेला नसतो. परंतु कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहाचें आधण ठेवून चहा गाळूनहि होतो. त्याच घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक लॅपटॉप पडून असतो. त्याची बिजागरी मोडलेली असते, पडद्यास चीर गेलेली असते, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकानें त्याचा नाद सोडून दिलेला असतो. एक यंत्र चालतें, पण रखडतें. दुसऱ्याचें शरीर निकामी झालें आहे, पण त्याच्या पोटांतील एक अवयव अद्याप उत्तम आहे. तो अवयव पहिल्यास बसवितां येईल काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. उत्तर बहुधा 'होय' असेंच येतें. मात्र त्या 'होय'च्या अलीकडे एक पायरी आहे, आणि ती चुकली तर यंत्र सुधारतें, पण घराचें कधीं न भरून येणारें नुकसान होतें.

प्रथम रखडण्याचें कारण पाहूं. डेस्कटॉप मंद झाला कीं लोक म्हणतात, त्याचा मेंदू म्हातारा झाला. वस्तुतः पत्रें लिहिणें, हिशेब मांडणें, मुलांचे पाठ वाचणें अशा कामांस दहा वर्षांपूर्वींचा प्रोसेसर बहुधा पुरतो. खरा अडसर असतो हार्ड डिस्कचा. हार्ड डिस्क म्हणजे फिरती चकती. १९५६ सालीं आय्.बी.एम्. कंपनीनें अशा चकत्यांवर माहिती सांठविणारें पहिलें यंत्र पुढें आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, तरी तिचें तत्त्व तेंच आहे. चकती फिरते आणि एक बारीक दांडा तिच्यावर मागें-पुढें सरकून हवी ती जागा शोधतो.

डेस्कटॉपमधील सामान्य चकती मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, आणि हवा तो भाग दांड्याखालीं येण्यास सरासरीनें अर्ध्या फेऱ्याचा वेळ जातो. दांडा सरकण्याचा वेळ त्यांत मिळविला म्हणजे एकेक ठिकाण गांठण्यास बारा-तेरा सहस्रांश सेकंद होतात. हा काळ ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. पण या हिशेबानें सेकंदास जेमतेम ८० ठिकाणें गांठतां येतात, आणि संगणक सुरू होतांना तर त्यास चकतीवर विखुरलेले हजारों लहान तुकडे गोळा करावयाचे असतात.

लॅपटॉपमधील सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्यें, म्हणजे सर्वांच्या तोंडीं बसलेल्या एस्.एस्.डी.मध्यें, फिरणारें असें कांहींच नाहीं. तिचा आधार असलेली फ्लॅश स्मृति जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनीं शोधून काढली व १९८४ सालीं शास्त्रज्ञांपुढें मांडली, एस्.एस्.डी.मध्यें वापरला जाणारा तिचा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. विजेचा भार अतिसूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवावयाचा, म्हणजे बाहेरची वीज बंद झाली तरी लिहिलेलें टिकून राहतें, असें तिचें तत्त्व आहे. येथें दांडा नाहीं, फेरा नाहीं. म्हणून एकेक ठिकाण गांठण्यास एका सहस्रांशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ पुरतो. ग्रंथपालानें प्रत्येक पुस्तकासाठीं शिडी चढून उतरावें, आणि दुसऱ्यानें बसल्या जागेवरून हात लांबवून तें उचलावें, असा हा भेद आहे. जुन्या डेस्कटॉपला एस्.एस्.डी. लाभली कीं त्याचें रूपच पालटतें, याचें रहस्य एवढेंच.

आतां प्रश्न बसविण्याचा. काढतांना लॅपटॉपची बॅटरी प्रथम सुटी करावी. बसवितांना डेस्कटॉपची वीज बंद करून तार भिंतींतून काढावी आणि कॅबिनेटच्या पत्र्यास हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरूं द्यावी. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांतील एस्.एस्.डी. अडीच इंची चपट्या डबीसारखी असते. तिच्या कडेस माहितीची सात पिनांची व विजेची पंधरा पिनांची अशा दोन जोडण्या असतात. या पद्धतीस साटा म्हणतात, आणि २००३ सालाच्या सुमारास प्रचारांत आलेली हीच पद्धत डेस्कटॉपमध्यें असते. डेस्कटॉपमधील जागा साडेतीन इंची डिस्ककरितां केलेली असल्यामुळें मध्यें एक लहान चौकट लागते. ती बाजारांत मिळते. जुन्या मदरबोर्डावरील साटा सेकंदास ३०० मेगाबाइटच वाहूं शकतो, आणि एस्.एस्.डी. साडेपांचशें देऊं शकते. तेव्हां ती वायां जाईल, अशी शंका कित्येक घेतात. पण खरा लाभ वाहण्याच्या वेगाचा नसून शोधण्याच्या वेगाचा आहे, आणि तो लाभ पुरेपूर पदरीं पडतो. मात्र बायोसमध्यें ए.एच्.सी.आय्. ही पद्धत निवडलेली आहे कीं नाहीं, हें आरंभींच पाहून घ्यावें.

नंतरच्या लॅपटॉपांत डबीऐवजीं एम्.टू नांवाची पट्टी असते. ती २२ मिलिमीटर रुंद व बहुधा ८० मिलिमीटर लांब असते. येथें सावधपणा हवा, कारण सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचे प्रकार दोन आहेत. साटा प्रकारची पट्टी एका स्वस्त डबींत घालून डेस्कटॉपला जोडतां येते. एन्.व्ही.एम्.ई. प्रकारच्या पट्टीस पी.सी.आय्. एक्स्प्रेसच्या खांचेंत बसणारें कार्ड लागतें. आणि तें बसविलें तरी जुना डेस्कटॉप तिचा केवळ कोठारासारखा उपयोग करितो, तिच्यावरून सुरू मात्र बहुधा होत नाहीं. कित्येक लॅपटॉपांत तर ही स्मृति मदरबोर्डावरच झाळलेली असते. ती निघतच नाहीं. म्हणून खर्चापूर्वीं लॅपटॉप उघडून पट्टीवरील नांव वाचावें.

इतकी तयारी झाली कीं हात शिवशिवूं लागतात, आणि चूक होते ती याच क्षणीं. पुण्यांतील एका बिऱ्हाडांतील प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. वडील निवर्तून दोन वर्षें झालीं आहेत. त्यांचा लॅपटॉप सुरू होत नाहीं. नातीस महाविद्यालयाच्या अभ्यासाकरितां संगणक हवा आहे, आणि नवा घेण्याची सवड नाहीं. मुलानें एस्.एस्.डी. काढून डेस्कटॉपला जोडली आहे. आतां ती पुसून तिच्यावर नवी प्रणाली चढवावयाची, एवढेंच काम उरलें आहे. इतक्यांत स्वयंपाकघरांतून आई येते व विचारते, "अरे, ह्यांनीं त्यांत काय काय ठेवलें होतें, तें पाहिलेंस का?"

"पाहतों ना, आई," असें म्हणून मुलगा उघडावयास जातो, तों यंत्र ४८ अंकी किल्ली मागतें. वडिलांच्या लॅपटॉपवर बिटलॉकरचें कुलूप होतें. असें कुलूप कित्येक नव्या लॅपटॉपांवर मालकाच्या नकळतहि लागलेलें असतें. लॅपटॉपमधील एक चिप तें दररोज गुपचूप उघडीत असते. पण ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रांत गेला कीं ती चिप मागें राहते आणि कुलूप तेवढें बरोबर येतें. किल्ली हरवली असेल तर दुकानदार, तज्ज्ञ किंवा स्वतः मायक्रोसॉफ्ट कंपनी, यांपैकीं कोणीहि तें उघडूं शकत नाहीं. या घराचें दैव बरें, म्हणून विजेच्या बिलांच्या फाइलींत वडिलांनीं छापून ठेवलेला कागद सांपडतो. तो नसता, तर ती किल्ली वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत शोधावी लागली असती. अंक घातल्यावर आंत काय निघतें? घराच्या कराच्या पावत्या, भावंडांच्या वांटणीचा मसुदा, आणि एका कोपऱ्यांत, नातीस लहानपणीं सांगितलेल्या गोष्टींचीं नऊ ध्वनिमुद्रणें. आई तीं ऐकत बसते. त्या दिवशीं संगणकाचें काम पुढें सरकत नाहीं, आणि कोणास त्याची घाईहि राहत नाहीं.

यांतून कामाचा क्रम आपोआप ठरतो. लॅपटॉप अद्याप सुरू होत असेल, तर त्यास दूरदर्शनचा पडदा जोडून कुलूप तेथेंच काढावें. मग आंतील सर्व चीजवस्तू दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून घ्याव्या आणि प्रती उघडून तपासाव्या. नंतरच ड्राइव्ह पुसावा. त्याची प्रकृति क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या विनामूल्य साधनानें पाहतां येते. ती खालावलेली असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवूं नये. नवी प्रणाली चढवितांना जुन्या हार्ड डिस्कची तार काढून ठेवावी, म्हणजे चुकून तीच पुसली जाण्याचें भय राहत नाहीं. काम संपल्यावर ती डिस्क पुन्हा जोडून एका प्रतीचें घर करावी. मंद असली तरी कोठार म्हणून ती चांगली असते.

प्रणाली कोणती घ्यावी, हाहि विचार आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ला टी.पी.एम्. २.० ही सुरक्षेची सोय व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वींच्या डेस्कटॉपला तें साधत नाहीं. अशा यंत्रास लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली मानवते. तिच्यावर मराठी लेखन, पत्रव्यवहार व इंटरनेट हीं सर्व कामें नीट होतात. एस्.एस्.डी.नें काय होत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ती प्रोसेसरला तरुण करीत नाहीं, आणि कामाची स्मृति, म्हणजे रॅम, अपुरी असेल तर ती उणीव तिनें भरून निघत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? कपाटांत आहे तें सुखरूप राहूं द्यावें. पण हाच मोठा गैरसमज आहे. कप्प्यांत कोंडलेला भार विजेवांचून वर्षानुवर्षें तसाच राहील, असा भरंवसा नाहीं. वापरून झिजलेल्या एस्.एस्.डी.चा तर मुळींच नाहीं. उलट लॅपटॉप तसाच भंगारांत दिला, तर घरचीं कागदपत्रें परक्याच्या हातीं पडतात. द्यावयाचाच असेल, तर ड्राइव्ह उत्पादकाच्या साधनानें पूर्ण पुसावा आणि उरलेला सांगाडा ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे सोंपवावा. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या भारत सरकारच्या नियमांचा रोखहि तोच आहे.

'जुनें तें सोनें' ही म्हण येथें अर्धीच खरी आहे. सर्वच जुनें सोनें नसतें; पण सोनें कोणतें व माती कोणती, हें उघडून पाहिल्यावांचून फेंकूं नये, एवढें खरें. वरील घरांतील नातीचा संगणक आतां अर्ध्या मिनिटांत तयार होतो. त्याच्या शेजारच्या खणांत दुसरी प्रत असलेली एक लहान डबी आहे. तिच्यावर आजीनें स्वतःच्या अक्षरांत चिठी चिकटविली आहे : 'ह्यांचा आवाज. पुसूं नये.'