जखमी कोंबडीची शुश्रूषा

मुंगसाने किंवा कुत्र्याने धरलेली कोंबडी जिवंत सुटली, तरी धोका टळलेला नसतो. जखमेइतकाच धसकाही तिचा जीव घेऊ शकतो.

रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ फडक्याने काही मिनिटं घट्ट दाबून धरा. मग 1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे दीड छोटा चमचा मीठ घालून जखम हलकेच धुवा. छातीपोटाची जखम खोल असेल, तर आत पाणी ओतू नका. पक्ष्यांच्या अंगात श्वासाशी जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यांत पाणी शिरू शकतं. पिसांखाली दातांची बारीक भोकंही शोधा. मांजराचा चावा वरून किरकोळ दिसला, तरी आत पू धरतो.

तिला उबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचतात. पाणी जवळ ठेवा, घशात ओतू नका. माशा बसू देऊ नका; अळ्या लवकर पडतात.

प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारा. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते. मुक्या जिवासाठी हा फोन जरूर करा.