सोडणाऱ्याची सोबत



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून पाहुण्याने यशाविषयी, ध्येयाविषयी आणि उज्ज्वल भवितव्याविषयी चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. आणि आज ज्यांना पारितोषिके मिळाली त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी त्या प्रघाताचा मान राखतो. परंतु ज्या महाविद्यालयात दीड-दोन हजार मुलेमुली शिकतात, तेथे प्रत्येक वर्गात निदान काही मुले अशी असतात की घरी रात्री दाराची कडी वाजली म्हणजे त्यांच्या छातीत धडकी भरते, हे मला ठाऊक आहे; म्हणून आज मी दारू सोडू पाहणाऱ्या माणसाविषयी आणि त्याहूनही अधिक, त्याच्या आसपास राहणाऱ्या आपणा सर्वांविषयी बोलणार आहे.

माझी सारी हयात महसूल खात्याच्या चाकरीत गेली. या कोल्हापूर जिल्ह्याच्या दप्तरखान्यांतून मी जी खरेदीखते, गहाणखते आणि जप्तीचे हुकूम पाहिले, त्यांतल्या कित्येकांच्या मागे दुष्काळ नव्हता, लग्नाचा खर्च नव्हता आणि आजारपणही नव्हते. सात-बाऱ्यावरचे बापजाद्यांचे क्षेत्र गुंठ्यागुंठ्याने घटत जावे आणि शेवटी खातेदाराच्या नावापुढे काहीच उरू नये, याला कारण एकच होते, आणि ते कोणत्याही दस्तात लिहिलेले नसे. अशा माणसांनी शपथा घेतल्या नव्हत्या असे नाही. जोतिबाच्या डोंगरावर, अंबाबाईच्या पायरीवर, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथा घेतल्या, आणि त्या घेताना ती माणसे खोटे बोलत होती असे मला एकदाही वाटले नाही. शपथ खरी असे. ती निभावायला मात्र तो माणूस एकटा असे.

आणि तरीही काहींची शपथ टिकली, हेही मी पाहिले. विशेषतः ज्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली त्यांची टिकली. माळकरी झालेला माणूस मद्य-मांस वर्ज्य करतो, हे आपणास ठाऊक आहेच. परंतु त्या माळेमागे काय काय उभे असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. माळ घातल्या दिवसापासून त्या माणसाची संध्याकाळ रिकामी राहत नाही. एकादशीला भजन असते, गावात सप्ताह असतो, आषाढीला दिंडी असते, शेजारी बसून टाळ धरणारा कोणी असतो आणि तो एक दिवस आला नाही तर ‘का आला नाही’ म्हणून विचारायला येणाराही कोणी असतो. श्रद्धेचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. पण श्रद्धा शपथ घेणाऱ्या सगळ्यांचीच होती. माळकऱ्याला याखेरीज जे मिळाले ते मंडळ होते.

मंडळ हा शब्द उच्चारताच, मित्रहो, मराठी रंगभूमीवरचे एक दुसरे मंडळ आठवते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर महिन्याभरातच, गंधर्व नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. त्याची सनद काही काळ रद्द होते, अपमानाने तो तळमळतो आणि त्या तळमळीच्या घटकेला दारूबाज तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. एवढे कथानक सर्वांच्या स्मरणात असते. परंतु नाटकाच्या उत्तरार्धात हाच सुधाकर मद्यपानाचा त्याग करण्याचा निश्चय करतो, त्याची पत्नी सिंधू हिच्या आनंदाला पारावार उरत नाही, आणि तो काम मागण्यासाठी घराबाहेर पडतो, हा भाग फारच थोडे लोक ध्यानात ठेवतात. शुद्धीवर असलेला, लाज वाटून पश्चात्ताप करणारा, कष्ट करायला सिद्ध झालेला हा माणूस जेथे जेथे जातो तेथे तेथे त्याच्या मागील व्यसनाचा उद्धार होतो. सभ्य गृहस्थांची दारे त्याला बंद होतात. आणि मग ज्या एका ठिकाणी त्याला कोणीही काही विचारीत नाही, त्या आर्यमदिरामंडळाच्या बैठकीत तो पुन्हा जाऊन बसतो. यापुढे त्याला कोणी वाचवू शकत नाही.

सुधाकर मनाने दुबळा होता, असा निकाल आपण शंभर वर्षे देत आलो आहोत. माझे मत निराळे आहे. ज्या दिवशी तो निश्चय करून घराबाहेर पडला, त्या दिवशी गावात दारू पिणाऱ्यांचे मंडळ होते आणि दारू सोडणाऱ्यांचे मंडळ नव्हते. गडकऱ्यांच्या शोकांतिकेतला बराचसा दोष त्या गावाच्या पदरी पडतो.

असे मंडळ कसे निर्माण होते, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी व्यवसायाच्या कामाने गेला होता. काम फसले. काही महिन्यांपूर्वीच त्याने मोठ्या कष्टाने दारू सोडलेली होती, आणि आता परक्या गावी, हॉटेलच्या दालनात, शेजारच्या बारमधले हास्यविनोद ऐकत तो एकटा उभा होता. त्या क्षणी त्याने जे केले ते त्यापूर्वी फारसे कोणी केले नसेल: त्याने गावातल्या धर्मगुरूंना दूरध्वनी करून आपल्यासारखाच एखादा दारूत बुडालेला माणूस भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी गाठ पडली. पंधरा मिनिटांपलीकडे थांबणार नाही असे ठरवून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. कारण उपदेश करणारे आजवर पुष्कळ भेटले होते, स्वतःची हकीगत सांगणारा हा पहिलाच होता. त्याच वर्षी १० जून रोजी डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला, आणि तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. विल्सन डॉक्टरांवर उपकार करायला गेला नव्हता. स्वतः वाचण्यासाठी त्याला दुसऱ्याची गरज होती. या संघटनेच्या सभांना ना वर्गणी लागते, ना आडनाव सांगावे लागते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता पुरते. संपूर्ण आयुष्याची शपथ तेथे कोणी घेत नाही. आजचा एक दिवस प्यायची नाही, एवढाच निर्धार, आणि उद्याचा उद्या.

आपल्या महाराष्ट्रात या विचाराला जे घरगुती, मायेचे रूप मिळाले, ते पुण्याच्या मुक्तांगणात. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या मादक द्रव्याच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. केवळ हळहळून न थांबता त्यांनी देणगी देऊ केली, आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. त्याचा प्राण होत्या डॉ. अनिता अवचट, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. पस्तीस दिवसांच्या मुक्कामात तेथे औषधोपचार आहेत, व्यायाम आहे, समुपदेशन आहे. परंतु मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते हे की, तेथून बरे झालेले रुग्णमित्रच पुढे नव्या रुग्णमित्रांचा हात धरतात, आणि त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. १९९७ साली अनिताबाई कर्करोगाने गेल्या. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे ते काम हाती घेतले. आपल्या शेजारी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ संस्थेच्या द्वारे हेच कार्य उभे केले.

येथे पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एके सकाळी एकदम दारू बंद केली तर त्याचे हात थरथरतात, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिटसुद्धा येऊ शकते, आणि कित्येकदा दोन-तीन दिवसांनी त्याला भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. तिला भुताटकी किंवा नाटक समजून खोलीत कोंडून घालणे हा अपराध आहे. सोडण्याचा निश्चय झाला की पहिले पाऊल डॉक्टरांकडे टाकले पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण भिंतींवर पाहिल्या असतील. गांजलेली पत्नी वा आई विश्वासाने ती पूड विकत घेते आणि आमटीत कालवते. डायसल्फिरम नावाचे एक औषध खरोखर आहे. ते पोटात असताना दारू प्यायल्यास शरीरात विषारी द्रव्य साठते, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, ओकाऱ्या होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने दिले तर ते उपयोगी पडते. चोरून दिले तर त्याने माणूस दगावू शकतो. त्या माउलीला मी दोष देत नाही. तिच्या हाती दुसरे काही आपण दिलेच नाही. घरची गोष्ट घरातच राहावी म्हणून ती शेजारणीशी बोलत नाही, माहेरी सांगत नाही, आणि या मौनाला आपण कुलीनता म्हणतो.

सरकारने काय करावे, हा प्रश्न मी टाळीत नाही. १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही अंमलात आहे. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो, बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद होते, आणि अशा मतदानाला उन्हातान्हात रांग लावणाऱ्या भगिनींपुढे मी नतमस्तक आहे. पण ज्या जिल्ह्याच्या उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो आणि ज्या राज्याच्या तिजोरीला त्याच्या महसुलाची सवय जडली आहे, तेथे केवळ हुकमावर विसंबून चालणार नाही, हे सरकारी चाकरीत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मी सांगतो. दुकान बंद करणे कायद्याला साधते. त्या संध्याकाळी माणसाने कोणाजवळ बसावे, हे कायदा सांगू शकत नाही.

२०१९ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेली माणसे देशात सुमारे २ कोटी ९० लाख आहेत, आणि अशा अडतीस जणांपैकी एकालाच कसली ना कसली मदत मिळते, असे त्यात नमूद आहे. उरलेले सदतीस आपल्या पेठांत, आपल्या गल्ल्यांत, आपल्या घरांत आहेत.

कोल्हापूरला मंडळे काढायला शिकवावे लागत नाही. पेठोपेठी तालमी आहेत. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले त्याच्या आधीपासून हे शहर एकत्र घाम गाळत आले आहे, आणि आज पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल यांचे फुटबॉलचे संघ उतरले की सारे शहर शाहू स्टेडियमकडे धाव घेते. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिण्यासाठी रात्री माणसे जमतात, तेव्हा तिथली मैत्री कोणत्याही बैठकीहून उणी नसते. एवढी संघशक्ती ज्या गावात आहे, तेथील प्रत्येक तालीम मंडळाने आठवड्यातील एक संध्याकाळ आपली खोली दारू सोडणाऱ्यांच्या सभेसाठी मोकळी करून द्यावी, ही माझी जाहीर मागणी आहे. खर्च एका चहाच्या किटलीचा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्याविषयी. गटारी अमावास्येला, थर्टी फर्स्टला किंवा मॅच जिंकल्यावर कोणी नको म्हणाला, की ‘एकानं काय हुतंय रं?’ हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने म्हटले जाते. ते म्हणू नका. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. त्याच्यापुढे सरबताचा पेला ठेवा आणि बोलणे पुढे चालू द्या. महिनाभर न पिता राहिलेल्या मित्राला ‘साधू झालास काय’ म्हणून हिणवू नका, कारण त्याचे ते तीस दिवस तुमच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा कठीण गेलेले असतात. आणि तो पुन्हा प्यायला, ज्याला सोडणारी माणसे ‘स्लिप’ म्हणतात ती झाली, तर ‘आम्हाला ठाऊकच होतं’ हे शब्द गिळून टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जा. दीर्घ व्यसनातून सुटणारे बहुतेक लोक एकदा तरी घसरतात. घसरल्यानंतर त्यांना परत सभेत कोण घेऊन जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा भाऊ पितात, त्यांना मी एवढेच सांगतो की हा दोष तुमचा नाही, ती लाजही तुमची नाही, आणि आपल्या एखाद्या शिक्षकापाशी हे बोलून दाखवण्यात घराण्याची बेअब्रू होत नाही.

भारत सरकारने व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक दिलेला आहे. पारितोषिकांच्या यादीच्या पाठीमागे तो लिहून घ्या. ज्याला तो देण्याची वेळ येईल, त्याला नुसता क्रमांक देऊन थांबू नका. त्याच्याजवळ बसून तो लावा, आणि पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे किंवा सभेला तो जाईल तेव्हा त्याच्याबरोबर तुम्ही जा.