गावातले व्याख्यान आणि ऐकणारी माणसे

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. सूतगिरणीतला कामगार आहे. साच्यांच्या आवाजात मोठ्याने बोलायची सवय लागली, एवढेच माझे भांडवल. तरी गावाकडचे लोक पौर्णिमेला, जयंतीला मला बोलावतात. आपल्यापैकी पुष्कळांची गावे तिकडचीच, म्हणून तिथल्या कार्यक्रमांविषयीच बोलतो.

२०२२ च्या वर्षावासात गावच्या विहारात माझे व्याख्यान ठेवले होते. वेळ रात्री आठची, सुरुवात साडेनऊला. मग हारतुरे. पाहुणे, पुढारी, वर्गणीदार, सगळ्यांचे सत्कार. माईक माझ्या हाती आला तेव्हा अकरा वाजत आले होते. ज्या बायांनी दुपारपासून खीर शिजवली त्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पोरे झोपलेली. आणि मी विषय कोणता घेतला? कालामसुत्त! केसपुत्ताचे कालाम लोक भगवंतांना म्हणाले, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, दुसऱ्याचे खोटे ठरवतो, आम्ही कुणाचे मानायचे? म्हणजे तो उपदेश लोकांच्या प्रश्नातून निघाला. प्रश्न विचारा म्हणून मी तासभर गर्जलो, टाळ्या घेतल्या, सरणत्तय झाले, लोक घरी गेले.

सकाळी एस.टी.ची वाट बघत होतो. एक आजी आली. म्हणाली, "लेकरा, रातभर इचारा इचारा म्हणलास, आन इचारायला कवा दिलंस?" मी खाली बघितले. मग ती म्हणाली, "नातीचं जमलंय. पोराकडची बी आपलीच, पण मुहूर्त काढल्याबिगर ऐकंनात. हटून बसावं तर पोरीचं मोडतंय. काय करू, सांग." गाडी आली. बघू, म्हणालो आणि चढलो. खोटे कशाला सांगू, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून माझ्याकडे उत्तर नव्हते. नातीचे लग्न मुहूर्तावरच झाले.

आमच्या भागाला माणगावचा अभिमान. मार्च १९२० मध्ये तिथे परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. खेडेगावच ते! तिथल्या सभेचा आवाज कुठवर गेला बघा. आणि आम्ही गावात जाऊन शाली वाटतो.

२०२३ पासून आम्ही रीत बदलली. संध्याकाळी सातलाच बसायचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधले एखादे पान शाळेतल्या मुलीने वाचायचे, मग अर्धा तास फक्त लोकांनी बोलायचे. वक्ता शेवटी. स्वयंपाक पुरुषांनी करायचा (पहिली खीर करपली, ती आम्ही मुकाट्याने खाल्ली). पहिल्या पौर्णिमेला कोणी तोंड उघडले नाही. दुसऱ्या वेळी त्याच आजीने नातीची गोष्ट सगळ्यांपुढे सांगितली. एक गृहस्थ उठले, म्हणाले, आमच्या घरात बी हेच चाललंय, तुम्ही चौघं येता का बोलायला? आम्ही पाच जण गेलो, त्यात दोघी बाया. दोन बैठका लागल्या. लग्न रविवारी झाले, सगळ्यांना सुट्टी म्हणून.

नाराजीही झाली. नाव पुकारले नाही म्हणून काहींनी वर्गणी बंद केली. डीजे बंद करा म्हणालो तर पोरे उठून गेली, त्यांची समजूत अजून घालता आलेली नाही.

येत्या पौर्णिमेला मी जाणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी सेक्रेटरींकडे नाव द्यावे. हार कोणी आणू नये. बायकांनी जरूर यावे, जेवण आम्ही करू.

एवढे बोलून मी थांबतो. नमो बुद्धाय, जय भीम!