गर्भगिरीच्या सोप्या पायवाटा

डोंगर चढणें हें तरुणांचें काम, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून रूढ झालेली आहे. सुटीचा बेत ठरूं लागला कीं मुलगा सह्याद्रींतील एखाद्या अवघड किल्ल्याचें नांव घेतो, सून पाठीवरच्या पिशव्या काढते, आणि आजीबाईंच्या वांट्याला घराची किल्ली व मांजराचें दूध येतें. डोंगरांच्या ज्या गोष्टी छापून येतात त्या बहुधा कड्यांच्या आणि दोरांच्या असतात. तेव्हां असें व्हावें यांत नवल नाहीं. परंतु ज्यांच्या वाटा मुळीं आजीबाईंनींच पाडलेल्या आहेत, असेही डोंगर महाराष्ट्रांत आहेत. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला, आष्टी तालुक्यांतील कडा या गांवाच्या उत्तरेस पसरलेला गर्भगिरी हा त्यांपैकीं एक होय.

गांवाचें नांव कडा असलें तरी येथें कोणाला कडा चढावा लागत नाहीं. अहिल्यानगरहून आष्टी-जामखेडमार्गें बीडला जाणाऱ्या रस्त्यावरचें हें बाजाराचें गांव. बीडकरांनीं पिढ्यान् पिढ्या मागितलेली आगगाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजीं आष्टीपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं बीडपर्यंत पोंचली. त्या मार्गावर कड्यालाही स्थानक मिळालें. नगरच्या कुटुंबाला सकाळीं निघून येथें येणें आतां पूर्वीइतकें जिकिरीचें राहिलेलें नाहीं.

या डोंगराचा सौम्यपणा त्याच्या घडणींतच आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे बसले आणि दख्खनचें पठार झालें. कठीण काळ्या दगडाचा थर टिकतो, त्याखालचा सच्छिद्र, मऊ थर झिजतो. म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात आणि माथा सपाट राहतो. सह्याद्रीची घडणही हीच, परंतु तेथें धो-धो पावसानें कडे तासून काढले. बालाघाटच्या या बाजूस वर्षाकाठीं वीस-पंचवीस इंच पाऊस पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. तेवढ्या पाण्याला तासकाम कसें जमावें? येथील गुराखी पायरीच्या कडेकडेनें आडवा चालतो आणि घळ आली म्हणजे तेवढीच जागा पाहून वर चढतो. शेळ्यांच्या खुरांनीं पडलेली ती वाट पायांना कधीं छळत नाहीं. दोन थरांच्या सांध्यांत मुरलेलें पाणी कोठें कोठें झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. या कोरड्या मुलखांत असा झरा लागला कीं जवळपास एखादें जुनें देऊळही बहुधा लागतेंच.

ज्यांच्या गुडघ्यांना चढ नको असेल त्यांनीं प्रथम कड्याच्या आसपासच्या माळांवरच फिरावें. सकाळच्या प्रहरीं शेताच्या बांधावरून, बोरी-बाभळींच्या कडेनें जाणारी गाडीवाट म्हाताऱ्या माणसाला आणि पांच वर्षांच्या मुलाला सारखीच मानवते. या फिरण्यांत एक गोष्ट मुलांना अवश्य दाखवावी. ओढ्यावर आडवा घातलेला मातीचा बांध दिसला, कीं तो केव्हां झाला हें जवळच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला विचारावें. पुष्कळदां उत्तर येतें, "बहात्तरच्या दुष्काळांत." १९७२-७३ च्या त्या दुष्काळांत बीड-नगरकडील हजारों माणसें रोजगारासाठीं पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांच्या कामांवर होतीं, बायकांनीं माती डोक्यावर वाहिली, पुरुषांनीं खडी फोडली. शहरांतील मूल ज्या बांधावरून उड्या मारीत जातें तो कोणाच्या तरी अर्धपोटीं श्रमांचा आहे, हें त्याला तेथल्या तेथें कळतें.

यापुढची पायरी मढीची. अहिल्यानगर-पाथर्डी रस्त्यावरील निवडुंगे गांवापासून तिकडे फांटा फुटतो. एका टेकाडावर कानिफनाथांचें किल्ल्यासारखें देवस्थान आहे आणि त्याच्या भोंवतीं गांव वसलेलें आहे. चढ कायतो पायऱ्यांचा, आणि तोही थांबत थांबत चढतां येण्यासारखा. होळीपासून पाडव्यापर्यंत येथें यात्रा भरते व रंगपंचमीला ती शिगेस पोंचते. भटक्या जमातींची ही पंढरी. त्यांचे मेळे दूरदूरच्या प्रांतांतून येतात, आणि येथील गाढवांचा बाजार तर प्रसिद्धच आहे. चालण्याच्या हेतूनें जाणाऱ्यानें यात्रेचे दिवस टाळावे. पण ज्याला माणसें पाहावयाचीं असतील त्यानें तेच निवडावे.

मढीहून डोंगरमाथ्यावरच्या मायंब्यापर्यंतची चाल ही मात्र या सर्व भागांतील रसाची जागा होय. मायंबा हें मच्छिंद्रनाथांचें समाधिस्थान बीड जिल्ह्यांतील सावरगांवच्या हद्दींत येतें, आणि मढी अहिल्यानगर जिल्ह्यांत. आतां दोन्ही ठिकाणीं मोटार थेट जाते, त्यामुळें मधली डोंगरवाट यात्रेवांचून एरव्हीं ओस असते. ज्यांना चढ झेपत नाहीं त्यांनीं मोटारीनें मायंब्यावर जावें व तेथून मढीकडे उतरत यावें. ज्यांच्या अंगांत रग आहे त्यांनीं मढीहून चढावें. एकाच कुटुंबानें अशा दोन तुकड्या कराव्या आणि वाटेंत भेटावें, हा बेत सर्वांत उत्तम. माथ्यावर आलें म्हणजे दोहों बाजूंस पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आणि खालीं शेतांचे तुकडे दिसतात. मार्गशीर्षांत सुकलेलें कुसळी गवत सकाळच्या उन्हांत असें कांहीं पिवळें चमकतें कीं 'नवनाथभक्तिसार' ऐकलेल्या आजीबाईंना गोरखनाथानें सोन्याचा करून दाखविलेल्या गर्भगिरीची कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. मालू कवीनें १८१९ सालीं पुरा केलेला तो ग्रंथ. त्यांतील चमत्कारांवर विश्वास ठेवावा कीं नाहीं हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु या डोंगराची ओळख घरोघर पोंचविण्याचें काम त्यानें केलें, हें खरें.

या वाटेनें पूर्वीं एक विलक्षण गोष्ट घडे. आष्टी तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानांत आणि पाथर्डीची बाजू मुंबई इलाख्यांत असल्यामुळें, मायंब्याहून मढीस जाणारा भाविक एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत उतरे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान भारतांत विलीन झालें आणि ती सरहद्द पुसली गेली. भाविकाच्या पायांना ती मुळांत जाणवली तरी होती कीं नाहीं, कोण जाणे.

मढीच्या पश्चिमेस, घाटशिरसजवळच्या डोंगरांत वृद्धेश्वर आहे. शंकर म्हाताऱ्याच्या रूपानें येथें आले म्हणून लोक याला म्हातारदेवही म्हणतात. देऊळ घळींत, झाडीच्या पोटांत असल्यानें उन्हाळ्याच्या आरंभींही येथें सांवली मिळते. एका दिवसांत मायंबा, मढी आणि वृद्धेश्वर तिन्ही चालून काढण्याचा हट्ट सरावलेल्यांनींच धरावा. इतरांनीं वृद्धेश्वरासाठीं दुसरा दिवस राखावा.

जामखेडहून पाटोद्याकडे जातांना लागणाऱ्या सौताड्याचा प्रकार अगदीं निराळा. येथें विंचरणा नदी पठाराच्या कडेवरून खोल घळींत उडी घेते, आणि खालीं रामेश्वराचें देऊळ आहे. इतर डोंगर आधीं कष्ट मागतात व मग विसावा देतात; सौताड्याचा हिशेब उलटा. उतरतांना मुलें धांवतात, मोठीं माणसें गप्पा मारतात, आणि परत चढतांना सगळ्यांचा श्वास एकदम कमी पडतो. हृदयविकार असलेल्यांनीं वरूनच धबधबा पाहावा, त्यांत कमीपणा नाहीं. पावसाळ्यांत खडक शेवाळलेला असतो; त्या दिवसांत पाण्याजवळ जाऊंच नये. २०२५ च्या सप्टेंबरांत आष्टी तालुक्यांतील नद्यांना जो पूर आला, त्यानंतर या कोरड्या मुलखांतील ओढ्यालाही कोणी क्षुल्लक लेखूं नये.

येथें चालण्याचा खरा काळ कार्तिक ते माघ. त्या दिवसांत बालाघाटचीं सीताफळें बाजारांत येतात. बीडच्या या फळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. मात्र याच ऋतूंत गांवांतून एक निराळीच शांतता जाणवते. दसरा-दिवाळी झाली कीं ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेलें जोडपें म्हणजे एक 'कोयता'. असे कोयतेच्या कोयते गेल्यावर कित्येक वाड्यांतून दारांना कुलपें आणि ओसरीवर म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं नातवंडें तेवढीं उरतात. शहरांतून आलेल्या मंडळींनीं हें ध्यानांत ठेवून वागावें. ज्या घरीं पाणी मागावयाचें तेथें तें कोठून येतें, याचा आधीं विचार करावा. दहा जणांच्या टोळीनें एका आजीबाईच्या रांजणांतून तहान भागविली, तर तिची दुसरी खेप ठरलेली. फाल्गुनानंतर पुष्कळ वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. माणशीं दोन शेर पाणी घरूनच न्यावें. तेवढें ओझें आजोबांना जड होईल, तर नातवानें उचलावें.

दुसरी सावधगिरी बिबट्याची. २०२० च्या हिवाळ्याच्या तोंडीं पाथर्डी आणि आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसांवर हल्ले केले, त्यांत लहान मुलेंही दगावलीं. त्याच डिसेंबरांत करमाळा तालुक्यांत एका नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. एवढ्यावरून डोंगर सोडून द्यावा असें नाहीं. दिवसा, समूहानें, बोलत बोलत चालणाऱ्याच्या वाट्याला तो सहसा जात नाहीं. मूल मात्र नेहमीं मध्यें असावें, आणि उंच वाढलेल्या उसाच्या किंवा तुरीच्या कडेला विसाव्यास बसूं नये.

वाट विचारण्याचीही एक रीत आहे. "किती लांब?" असें गुराख्याला विचारलें तर तो "हें काय, जवळच," असें म्हणतो. तो खोटें बोलत नाहीं. त्याच्या पायांना तें जवळच असतें. त्याऐवजीं "तुमची आई या वाटेनें जाते का?" असें विचारावें. जात असेल तर निःशंक निघावें. "ती खालच्या अंगानें जाते," असें उत्तर आलें, तर ती खालची वाट कोणती तें नीट समजून घ्यावें. आणि सांजावतांना शेळ्यांचा कळप ज्या घळीनें उतरूं लागेल, तीच घळ धरून त्यांच्या मागोमाग खालीं यावें.