जबड्याच्या हाडातील सौम्य गाठी : निदान आणि उपचार



दहा-बारा वर्षांच्या मुलीचा एक गाल हळूहळू फुगू लागतो. वेदना नाही, ताप नाही. दाढ किडली असावी म्हणून ती काढली जाते. सूज मात्र तशीच राहते. मग कुणीतरी 'कर्करोग' हा शब्द उच्चारतो आणि घरातील झोप उडते. वास्तविक अशा कित्येक सुजा कर्करोगाच्या नसतात. निरोगी हाडाची जागा तंतुमय ऊतकाने घ्यावी आणि त्या ऊतकात अपरिपक्व हाड वेडेवाकडे तयार होत राहावे, अशा सौम्य विकारांचा एक गट आहे. त्यास 'फायब्रो-ऑसियस' विकार म्हणतात.

त्यांतील 'फायब्रस डिसप्लेसिया' हे नाव लिश्टेनस्टाइन यांनी १९३८ मध्ये रूढ केले. याचे मूळ 'जीनॅस' या जनुकातील बदलात आहे. हा बदल गर्भधारणेनंतर गर्भाच्या एखाद्या पेशीत घडतो. तो मातापित्यांकडून येत नाही आणि पुढील पिढीतही जात नाही. तेव्हा विवाहाच्या बोलणीत या आजाराचे लांछन कुणा मुलीच्या माथी मारणे हे अज्ञानच होय. 'ऑसिफाइंग फायब्रोमा' ही मात्र खरीखुरी गाठ असते. तिसरा प्रकार 'सिमेंटो-ऑसियस डिसप्लेसिया'. तो बहुधा मध्यमवयीन स्त्रियांत, पुष्कळदा खालच्या पुढील दातांच्या मुळांशी आढळतो.

निदानाची खरी अडचण अशी की, सूक्ष्मदर्शकाखाली हे तिन्ही विकार जवळजवळ सारखेच दिसतात. केवळ तुकडा तपासून निर्णय देणे धोक्याचे. रुग्णाचे वय, सुजेचा इतिहास आणि क्ष-किरण चित्र शेजारी ठेवूनच उत्तर मिळते. फायब्रस डिसप्लेसियात हाड दुधी काचेसारखे दिसते आणि त्याची कड आसपासच्या हाडात विरून जाते. फायब्रोमाची कड स्पष्ट असते. तिसऱ्या प्रकारात दातांची संवेदना शाबूत असते. ती न तपासता मुळांवर उपचार करणे किंवा दात उपटणे, ही चूक आजही घडते. तेथे तुकडा काढणेही सहसा टाळावे, कारण रक्तपुरवठा कमी असल्याने जंतुसंसर्ग जडतो. फायब्रोमाच्या रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. क्वचित पॅराथायरॉइड ग्रंथीचा आनुवंशिक विकार त्यामागे दडलेला असतो. फायब्रस डिसप्लेसियात त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग अथवा अकाली ऋतुप्राप्ती दिसल्यास अंतःस्रावी ग्रंथींची तपासणी आवश्यक ठरते.

उपचारही भिन्न आहेत. फायब्रस डिसप्लेसियाची वाढ तारुण्यानंतर बहुधा मंदावते. म्हणून शक्य असल्यास तोवर थांबावे, नंतर हाड तासून चेहरा सारखा करता येतो. डोळ्याच्या नसेभोवती विकार असला तरी दृष्टी उत्तम असताना केवळ भीतीपोटी शस्त्रक्रिया करू नये. नियमित नेत्रतपासणी करावी. वेदनांवर बिस्फॉस्फोनेट औषधे उपयोगी पडतात, परंतु त्यांनी विकार आकसत नाही. किरणोपचार मात्र कटाक्षाने वर्ज्य, कारण त्याने सौम्य विकाराचे घातक अर्बुदात रूपांतर होण्याची शक्यता वाढते. फायब्रोमा पूर्णपणे काढावा लागतो. लहान वयातील त्याचा प्रकार झपाट्याने वाढतो व पुन्हा उद्भवतो, त्यामुळे वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे आले. तिसऱ्या प्रकारास त्रास नसेल तर दातांची निगा आणि अधूनमधून क्ष-किरण चित्र एवढे पुरते.

जुनी क्ष-किरण चित्रे तारखेसह जपून ठेवावीत. वाढीचा वेग त्यांवरूनच कळतो. स्थिर असलेली सूज एकाएकी वाढू लागली, दुखू लागली किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र पुढील ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तत्काळ तज्ज्ञांना दाखवावे.